प्रत्येक ओळीपुढचं नाव

त्या सोमवारी सकाळी मी ‘जुळणी’ची मुख्य फाईल उघडली आणि डावीकडच्या पट्टीत माझं नाव कुठंच नव्हतं. पहिल्या ओळीपुढे नीलिमा टेंभरे. दुसरीपुढे नीलिमा टेंभरे. मी खाली सरकत गेलो. पाचशे, आठशे, हजार. चौदाशे अकराव्या ओळीला फाईल संपते, तिथपर्यंत तीच.

दुसरी फाईल उघडली. तिथंही ती. तिसरीतही तेच. एकूण एकसष्ट फाईली होत्या आणि त्या लिहायला मला साडेचार वर्षं लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा त्या माझ्या होत्या.

आमच्या धंद्यात कुठल्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला आणि कधी, हे लिहून ठेवणारा एक प्रोग्राम असतो. आम्ही त्याला नुसतं ‘नोंद’ म्हणायचो. नोंद खोटं बोलत नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचो. नोंदीप्रमाणे शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी नीलिमा टेंभरे यांनी सगळीच्या सगळी जुळणी एका झटक्यात लिहून काढली होती. मी शुक्रवारची आणि त्या दिवशीची अशा दोन फाईली शेजारी ठेवून वाचल्या. शब्दाला शब्द तोच. काहीही बदललेलं नव्हतं, फक्त मालक बदलला होता.

ती पावणेदहाला आली. नागपूरच्या उन्हासाठी तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ सोडत सोडतच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“मानापुरे सर, एक विचारायचं होतं. शुक्रवारी मी जे—”

“डेमो झाल्यावर,” मी म्हणालो.

“डेमोला अजून दहा दिवस आहेत सर.”

“मग दहा दिवसांनी विचारा.”

ती आपल्या जागेवर गेली. चोर आधी येऊन अंदाज घेतो, असं मला वाटलं. पडद्यावरची पट्टी मी झाकून टाकली आणि तिच्या पाठीकडे बघत बसलो.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. बायको म्हणते, वरणात मीठ जास्त पडलं तरी ह्यांना ते कोणीतरी मुद्दाम घातलंय असं वाटतं. ती थट्टेनं म्हणते, पण खोटं नाही. शिवाय जुळणी म्हणजे माझा जीव होता. ज्यांना वेबवर चालणारी कामं बनवायची असतात, दवाखान्याचे नंबर, शाळेचे प्रवेश, असल्या गोष्टी, त्यांच्या हातचं ते अवजार. एक कोरा पडदा, उजवीकडे ठोकळे. ठोकळे ओढून आणायचे, एकमेकांना जोडायचे, निम्मं काम झालं. खामल्यात एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. मी, आणखी तिघं आणि मालक मुकुंद गायधने. जुळणी मी लिहिली आणि गायधने सरांनी विकली.

पण ती चालायची फक्त विंडोजवर. भोपाळच्या एका मोठ्या प्रशिक्षण संस्थेनं सांगितलं की आमच्या मुलांकडे विंडोज आहे, मॅक आहे, लिनक्स आहे. तिन्हींवर एकसारखी चालवून दाखवा, दोनशे लायसन्स घेतो. गायधने सर आपल्या सवयीप्रमाणे तिथल्या तिथं हो म्हणाले आणि मग बाहेर येऊन मला विचारलं की हे होतं का. मी म्हणालो, मला येत नाही. हे वाक्य मी त्या ऑफिसात पहिल्यांदाच बोललो होतो. महिन्याभरात नीलिमा टेंभरे आल्या.

मूळच्या गोंदियाच्या. नऊ वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत होत्या. पुण्यातला पगार सोडून खामल्याच्या दुसऱ्या मजल्यावर कोण येतं? हा माझा पहिला प्रश्न. पदवीच्या कागदावर एक आडनाव, पुण्याच्या अनुभवपत्रावर दुसरं. हा दुसरा. लॅपटॉप स्वतःचा, त्यावर लिनक्स. आमच्यापैकी कोणाला तो धड उघडता येत नव्हता. हा तिसरा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता जायच्या आणि दुसऱ्या दिवशी तासभर लवकर यायच्या. मॅकवरचं काम पेन ड्राइव्हवर घालून घरी न्यायच्या. ऑफिसात बोलायच्या तेव्हा पुणेरी, पण दिवसातून दोनदा फोन घेऊन जिन्यात जायच्या आणि तिथं आवाज खाली घेऊन गोंदियाचं बोलायच्या. जो माणूस दोन तऱ्हांनी बोलतो त्याचे हिशेबही दोन असतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

काम मात्र नेक होतं. मॅकवर जुळणी उघडायची पण सेव्हची कळ चालायची नाही. लिनक्सवर ठोकळा ओढला की मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे. हे सगळं तिनं एकटीनं सोडवलं. मुख्य फाईलमध्येच तिनं चारशेच्या आसपास ओळी घातल्या होत्या, त्या मी दोनदा वाचल्या आणि दोन्ही वेळा मला अर्ध्याच कळल्या. ते मी कोणाला सांगितलं नाही.

आता महत्त्वाचं. नवा माणूस आला की सहा महिन्यांनी त्याला कायम करायचं की नाही याचा एक फॉर्म भरला जायचा. त्यावर माझी सही लागायची. तिचे पाच महिने झाले होते. तिनं गायधने सरांना विनंती केली होती की मला कायम केल्याचं पत्र बावीस तारखेच्या आत मिळालं तर फार बरं होईल, महिनाभर आधी. सर म्हणाले, मानापुरेची सही आण, मी पत्र देतो. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. त्या शुक्रवारपर्यंत माझा सही करायचाच विचार होता.

सोमवार ते बुधवार मी तिच्यावर पाळत ठेवली. लाज वाटते सांगायला, पण वहीत लिहूनच ठेवत होतो. अकरा दहा, जिना, सात मिनिटं. दोन चाळीस, जिना, अकरा मिनिटं. मंगळवारी मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं दाराशी उभा राहिलो तेव्हा ती फोनवर म्हणत होती, “देऊन राहिली नं भाऊ, बावीसच्या आत कागद आणून देते म्हटलं नं. सही राहिली फक्त.” पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत होता. ती हं, हं करत ऐकत होती. मग मला बघून तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

मला सगळं लख्ख दिसायला लागलं. आधी कायम व्हायचं. मग नोंदीवर सगळीकडे आपलं नाव. मग भोपाळवाल्यांना सांगायचं की जुळणी लिहिली ती मी, मानापुरे कोण? पेन ड्राइव्ह त्यासाठीच. बुधवारी दुपारी मी गायधने सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

गायधने सर साठीला टेकलेले, अंगानं जाड, रागावले तरी हसल्यासारखे दिसायचे. त्यांनी चष्मा लावून पट्टी वाचली. खालपर्यंत गेले, वर आले.

“हे सगळं तिनं लिहिलं?”

“मी लिहिलं सर. नाव तिचं आहे.”

“कायले करंल बे ती असं?”

मी माझी वही उघडली. जिना, पेन ड्राइव्ह, दोन आडनावं, सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

“दिगंबर, आडनावाचं मले माहीत आहे. तिचं नवऱ्याशी पटत नाही. कोर्टात चालू आहे, त्याच्यापायीच मंगळवार-शुक्रवार लवकर जाते. बावीसला तारीख आहे, पोरगी कोणापाशी राहील त्याची. वकील म्हणते कायमची नोकरी दाखवा. म्हणून तिले पत्र पाहिजे.”

खरं तर इथं माझा संशय विरायला हवा होता. झालं उलटंच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला वाटलं, गरजवंताला धरबंधही नसतो. बाईची गरज मोठी आहे म्हणजे बाई काय वाटेल ते करील. हे मी जवळजवळ ह्याच शब्दांत सरांना बोलून दाखवलं. त्यांना मात्र दुसरीच काळजी लागली होती. भोपाळवाल्यांनी डेमोच्या दिवशी नोंदही दाखवा म्हणून पत्र पाठवलं होतं. माल चोरीचा नाही, तुमचाच आहे, याची खात्री त्यांना करून घ्यायची होती. साडेचार वर्षांचं काम पाच महिन्यांच्या बाईच्या नावावर, तेही एका संध्याकाळचं, असं दिसलं तर ते उठून जाणार होते.

“उद्या तिले विचारू,” ते म्हणाले. “तुझ्यासमोरच.”

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं पट्टी पाहिली आणि मी अपेक्षिलं होतं तशी दचकली नाही. उलट तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

“हेच मी सोमवारी विचारायला आले होते सर,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “शुक्रवारी घरी गेल्यावर मी लिनक्स परत नव्यानं टाकलं. प्रोग्राम लिहायचा एडिटरही नवा. आधी माझ्या जुन्याच सेटिंग्ज होत्या, म्हणून या वेळी तुमचं टिपण समोर ठेवून सगळ्या केल्या. त्यात सातवा मुद्दा आहे, ‘ओळीचा शेवट सिस्टीमप्रमाणे’ हे चालू करून सगळा प्रकल्प एकदा सेव्ह करा. मी केलं. त्यानंतर सगळ्या फाईली बदलल्यासारख्या दिसायला लागल्या.”

ते टिपण माझंच होतं. नव्या माणसानं आपला कम्प्युटर कसा लावून घ्यायचा, याचे अकरा मुद्दे. त्याचा मला अभिमान होता.

“त्या टिपणावर चार माणसं चार वर्षं काम करून राहिली आहेत,” मी म्हणालो. “कोणाच्या कम्प्युटरवर असं झालं नाही.”

“तुमच्या सगळ्यांकडे विंडोज आहे सर.”

“टिपण बरोबर आहे.”

“विंडोजवर बरोबर आहे. माझ्याकडे—”

“म्हणजे माझ्या टिपणानं तुमचं नाव लावलं?”

गायधने सर माझ्याकडे बघत होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि कळत नाही तिथं ते नेहमी माझ्याकडे बघायचे. चौदा वर्षांची ओळख होती आमची. सरांनी पेन ड्राइव्हचं विचारलं. ती म्हणाली, भावाचा गोंदियाला फोटो स्टुडिओ होता, तो आता इथं आलाय, त्याच्याकडे नवा मॅक आहे. ऑफिसातला जुना आहे, दोन्हींवर तपासून पाहते. मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. ती म्हणाली, कोणी विचारलं नाही.

“मला दोन तास द्या,” ती सरांना म्हणाली. “मी दाखवते हे कसं झालं ते. मानापुरे सरांच्याच कम्प्युटरवर दाखवते.”

दोन तास. आणि माझा कम्प्युटर तिच्या हातात. मी सरांकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

सरांनी तिला काढलं नाही, तेवढा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाले, डेमो होईस्तोवर घरी राहा, पगार चालू राहील, मग शांतपणे पाहू. ती म्हणाली, डेमो अठराला आहे आणि माझी तारीख बावीसला. सर म्हणाले, तोपर्यंत होऊन जाईल. तिनं फॉर्मचं विचारलं. सरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चौकशी चालू असताना सही कशी करणार? हे वाक्य नियमाला धरून होतं, म्हणून ते मला फार आवडलं.

तिनं स्कार्फ गुंडाळला, सॅक उचलली आणि गेली. जाताना तिनं मला एवढंच सांगितलं की मॅकवर कट-पेस्टची कळ अजून एका ठिकाणी अडते, ओळ नऊशे साठच्या आसपास, तेवढं बघून घ्या.

एकाआड एक शनिवारी अर्धा दिवस असायचा, त्या शनिवारी होता. बाकीचे गेल्यावर मी एकटाच बसलो. नऊशे साठाव्या ओळीपाशी गेलो. तिनं सांगितलं होतं तिथंच अडत होतं. खालीवर वाचून, दोनचार गोष्टी करून पाहून मी एक ओळ बदलली, माझ्या विंडोजवर फाईल सेव्ह केली आणि सवयीनं पट्टी उघडली.

पहिल्या ओळीपुढे दिगंबर मानापुरे. दुसरीपुढे दिगंबर मानापुरे. चौदाशे अकरापर्यंत मीच.

आधी क्षणभर आनंद झाला, तो लपवत नाही. मग मधल्या ओळींकडे लक्ष गेलं. सेव्हची कळ, मराठी अक्षरांचे चौकोन, ज्या मला अर्ध्याच कळत होत्या त्या चारशे ओळी, त्यांच्यापुढेही माझंच नाव. मी एक ओळ बदलली होती.

मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. मग जे पंधरा मिनिटांत कळलं ते मला पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजात शिकवलं होतं. ओळ संपली हे कम्प्युटरला कळायला एक खूण लागते. ती डोळ्यांना दिसत नाही. विंडोज तिथं दोन चिन्हं ठेवतं, लिनक्स आणि मॅक एकच. माझ्या टिपणात लिहिलं होतं, ‘सिस्टीमप्रमाणे’. आमच्या सगळ्यांची सिस्टीम एकच, म्हणून चार वर्षं काही हललं नाही. तिनं तोच मुद्दा तिच्या लिनक्सवर पाळला आणि एकसष्ट फाईलींतल्या प्रत्येक ओळीचा शेवट बदलला. शब्द तोच राहिला, ओळ मात्र नोंदीच्या लेखी तिची झाली. आता मी विंडोजवर सेव्ह केल्यावर ती परत माझी झाली होती. तिन्ही ठिकाणी चालणारं अवजार विकायला निघालेल्या माणसानं टिपण एकाच ठिकाणासाठी लिहिलं होतं.

नोंदीत प्रत्येक बदलासोबत करणाऱ्यानं एक ओळभर मजकूर लिहायचा असतो. मी सोमवारी फक्त नावं पाहिली होती. आता तिचा शुक्रवारचा मजकूर उघडला. तिनं लिहिलं होतं: ‘मानापुरे सरांच्या टिपणातील मुद्दा ७ केला. सर्वच फाईली बदललेल्या दिसत आहेत, हे बरोबर आहे का? सोमवारी सरांना विचारून गरज पडल्यास मागे घेते.’

शुक्रवार संध्याकाळपासून ते तिथं होतं. मी सोमवारपासून तीन दिवस तिच्या पाठीकडे बघत वही भरत होतो.

सर केबिनमध्ये होते. मी दार ढकललं. ते भोपाळशी फोनवर बोलत होते, हिंदीत, मोठ्यानं हसत. फोनवर हात ठेवून त्यांनी भुवया उंचावल्या.

“काय रे?”

मी सांगायलाच गेलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात ‘टिपण माझं’ असं आलं असतं, आणि ‘ती बरोबर होती’ असं, आणि गुरुवारी दोन तास मागितले तेव्हा मान मीच हलवली होती.

“मॅकवरचं कट-पेस्ट झालं,” मी म्हणालो.

“नोंद?”

“तेही होऊन राहिलं.”

सरांनी अंगठा वर केला आणि परत फोनला लागले. मी जागेवर आलो. उरलेल्या साठ फाईली एकेक करून उघडल्या आणि विंडोजवर सेव्ह केल्या. दोन वाजेपर्यंत सगळी जुळणी पुन्हा माझ्या नावावर होती, तिच्या ओळींसकट. मी स्वतःला सांगितलं की डेमोपुरतं हे असंच पाहिजे, नंतर नीट करू. टिपणातला सातवा मुद्दाही मी बदलला. कोणाला न सांगता.

गुरुवारी अठराला भोपाळचे दोघं आले. तिन्ही कम्प्युटर ओळीनं मांडले होते. जुळणी तिन्हींवर चालली, एकदाही अडली नाही. त्यातल्या वयस्कर माणसानं मॅकवर ठोकळा ओढला, कट केला, दुसरीकडे चिकटवला, मराठीत आपलं नाव लिहिलं आणि खुश होऊन हसला. मग नोंद मागितली. मी दाखवली. तारखा सगळ्या एकाच शनिवारच्या होत्या, पण त्यानं नावंच वाचली. त्यानं हे मॅकचं काम कोणी केलं म्हणून विचारलं. गायधने सर काही बोलायच्या आत त्यानंच पट्टी वाचली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी तो हातात घेतला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? ते गेल्यावर सर एवढंच म्हणाले, “म्हणजे तुले येत होतं तर.” मी म्हणालो, बघून बघून आलं.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. मी दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा घेतला. तिनं डेमोचं विचारलं. मी म्हणालो, चांगला झाला. मॅकवर अडलं का म्हणाली. मी म्हणालो, नाही. तिला खरोखर आनंद झाला, आवाजात कळत होतं. मग तिनं मुद्द्याला हात घातला. गायधने सर फोन उचलत नव्हते. कायमचं पत्र सोमवारपर्यंत होत नसेल तर राहू द्या, वकिलाचं म्हणणं आहे की वरिष्ठानं लिहून दिलेलं काहीही चालेल. ही बाई इथं पाच महिने कामाला आहे, अमुक अमुक काम तिनं केलं आणि ते चांगलं केलं, एवढं तुमच्या सहीनं. तिच्या नवऱ्यानं कोर्टात लिहून दिलं होतं की हिला कामावरून काढलंय, ही मुलीला सांभाळू शकत नाही.

“कुठलंही काम लिहा सर,” ती म्हणाली. “मॅकचंच लिहा. नोंदीतून छापून जोडता येईल.”

माझ्यासमोर पट्टी उघडीच होती. कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. नोंद मागे मागे खणत नेली असती तर तिची प्रत्येक मूळ ओळ तारखेसकट सापडली असती. पाच मिनिटांचं काम. पण तो छापील कागद पुढे कुठं कुठं जाईल, गायधने सरांपुढे, भोपाळवाल्यांपुढे, याचा मी विचार करत होतो. पडद्यावर जे दिसत होतं ते मी तिला सांगितलं.

“नोंदीत तुमचं नाव दिसत नाही आहे मॅडम.”

“विंडोजवर उघडून सेव्ह केलं नं तुम्ही?” ती म्हणाली. आवाज अगदी हळू, जिन्यात बोलायची तसा.

मी काही बोललो नाही.

“मग तुम्हाले समजलं आहे,” ती म्हणाली. “कधी समजलं सर?”

शनिवारी, हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. शनिवारपासून शुक्रवारपर्यंत सहा दिवस होतात, हे तिलाही मोजता आलं असतं. मागे कुठंतरी एक लहान मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती आणि सातच्या पाढ्यात चुकत होती. तिनं फोन बाजूला धरून, न रागावता, तिला बरोबर आकडा सांगितला. मग म्हणाली, “ठेवते,” आणि ठेवला.

बावीस तारखेला सोमवार होता. मी दिवसभर भोपाळसाठी लायसन्स तयार करत बसलो. तिला पुढच्या महिन्यात चौकशी संपल्याचं आणि सेवा समाप्तीचं पत्र गेलं, गोंदियाच्या पत्त्यावर. मसुदा मी केला. कोर्टाचा निकाल काय लागला ते गायधने सरांना कळलं होतं. ते दोनदा माझ्यापाशी तो विषय काढायला लागले आणि दोन्ही वेळा मी फोन आल्याचं निमित्त करून उठलो. सर चार वर्षांपूर्वी गेले. आता विचारायला कोणी नाही.